पन्नास डॉलरचा साप, तीस वर्षांचा संसार

पत्र थोडक्यात : पत्र लिहिणारे वाचक मूळचे नाशिकचे, वय छत्तीस, सध्या टेक्सासमध्ये डॅलसजवळ राहतात. आयटीत नोकरी, एच-वन-बी व्हिसा. काही वर्षांपूर्वी हौसेने एक बॉल पायथन (आफ्रिकेतला लहानसा, बिनविषारी अजगर) पाळला आणि हौस वाढत गेली. आज गॅरेजमधल्या रॅकमध्ये, म्हणजे एकावर एक रचलेल्या टबांत, आठ माद्या आणि तीन नर आहेत. वर्षाला तीस-पस्तीस पिल्लं होतात, ती ते एक्स्पोमध्ये (अशा प्राण्यांच्या विक्री-प्रदर्शनांत) आणि ऑनलाइन विकतात. उंदरांचा खर्च सुटतो, फार काही उरत नाही. गेल्या महिन्यात त्यांना एका रेस्क्यूमधून, म्हणजे टाकलेले प्राणी सांभाळणाऱ्या ठिकाणाहून, फोन आला. कुणी भाडेकरू घर सोडून गेला, मागे एक टब राहिला, टबमध्ये हाडं दिसायला लागलेला पायथन आणि झाकणावर या वाचकांचं कार्ड. दोन वर्षांपूर्वी त्यांनीच विकलेला नर. ‘परत घेता का?’ असं रेस्क्यूने विचारलं. हे ‘कळवतो’ म्हणाले आणि अजून कळवलेलं नाही. तेव्हापासून एकच प्रश्न त्यांना छळतोय : आजवर विकलेली शंभरावर पिल्लं कुठे असतील? एक्स्पोतले मित्र म्हणतात, विकला की विषय संपला. गाडी विकल्यावर नवा मालक ती कशी चालवतो हे बघायला आपण जातो का? आई फोनवर म्हणते, नागपंचमीला ज्याला हात जोडतो त्याचाच धंदा मांडलास. बायकोला सापांची किळस, तिचं म्हणणं, सगळं बंद कर. यापुढे गिऱ्हाईक नीट पारखून घेतो, असा उपाय त्यांनी स्वतःच सुचवलाय. नोव्हेंबरात जोड्या लावायच्या आहेत. त्यातच पुण्याचा मावसभाऊ मागे लागलाय की एक जोडी पाठव, इथे चांगला भाव आहे. काय करावं?

नमस्कार,

बाकीचं सगळं नंतर. आधी त्या रेस्क्यूला फोन करा आणि ‘हो’ म्हणा.

तुमच्या पत्रात मला सगळ्यांत जास्त खटकलं ते हे ‘कळवतो’. साप उपाशी राहिला त्यात तुमचा हात नव्हता. महिनाभर फोन न करण्यात मात्र तो आहे. रेस्क्यू म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर इमारत, पगारी माणसं वगैरे येतात. बहुतेक ठिकाणी कुणीतरी आपली नोकरी सांभाळून, घरातल्या एका खोलीत, पदरचे पैसे घालून चालवलेला तो व्याप असतो. अमेरिकेतल्या अशा खोल्यांत बॉल पायथनची कधीच वानवा नसते. एक्स्पोमध्ये नवंकोरं पिल्लू पन्नास डॉलरला मिळत असताना दुखण्यातून उठलेला मोठा साप कोण नेणार?

‘हो’ म्हणा, पण घाईने त्याला तुमच्या रॅकमध्ये सरकवू नका. माझी एक मैत्रीण पशुवैद्य आहे, तिला विचारूनच हे लिहितेय. परत आलेला साप किमान तीन महिने वेगळ्या खोलीत, वेगळा चिमटा, वेगळं पाण्याचं भांडं, आणि त्याचं सगळं काम दिवसाच्या शेवटी. निडोव्हायरसची (सापांना श्वासाचा आजार देणाऱ्या विषाणूची) तपासणी करून घ्या, गोचिडीसारखे बारीक माइट्स आहेत का ते बघा. श्वासाचा आजार घेऊन आलेला एक साप बाकीच्या अकरांना घेऊन बसेल. उपाशी जनावराला एकदम मोठा उंदीर द्यायचा नाही, आधी पाणी, मग लहान घास, हे तुम्हाला माहीत असणारच. वेगळी खोली नसेल तर साप तिथेच राहू दे आणि डॉक्टरचं बिल, खाण्याचा खर्च तुम्ही उचला. दोन्हींपैकी काहीही करा, पण आज करा.

आता तुमचा मुख्य प्रश्न. बाकीचे कुठे असतील?

मनात तुम्ही दोनच चित्रं रंगवलेली दिसतात. एक तर सुखी घर, नाही तर तो टब. खरं उत्तर बहुधा या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी आहे आणि ते कंटाळवाणं आहे : बरेचसे साप आज तुम्ही विकलेल्या माणसाकडे नसतील. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या घरी असतील. काही तुमच्यासारख्याच दुसऱ्या ब्रीडरच्या रॅकमध्ये असतील, कारण रंगीत मॉर्फ (निवडून पैदा केलेले खास रंग-नक्षीचे वाण) घेणाऱ्यांपैकी अनेकांना स्वतःची पिल्लं काढायची असतात. काही एक्स्पोत स्वस्तात घेऊन दुसऱ्या शहरात चढ्या भावाने विकणाऱ्यांच्या हातून पुढे गेले असतील. काही कॉलेजच्या मुलांनी घेतले, मग हॉस्टेलला चालत नाही म्हणून आईच्या गळ्यात पडले. ती माउली आज यूट्यूब बघून गोठवलेला उंदीर गरम पाण्यात वितळवत असेल. (अशा आया दोन्ही देशांत सारख्याच. मुलाने आणलेला प्राणी शेवटी त्यांच्याच वाट्याला येतो.) आणि काही मेले असतील.

किती मेले? ब्रिटनमध्ये यावर चांगलीच जुंपली होती. २०१२ मध्ये एका लेखात दावा झाला की घरात पाळलेल्या सरपटणाऱ्या प्राण्यांपैकी किमान ७५ टक्के पहिल्या वर्षातच मरतात. २०१५ मध्ये मालकांनाच विचारून केलेल्या अभ्यासात हा आकडा निघाला ३.६ टक्के. पहिला आकडा छंदाच्या विरोधकांना प्रिय, दुसरा छंदवाल्यांना. मला दुसरा खऱ्याच्या जवळचा वाटतो, पण त्यातही एक मेख आहे : साप टबमध्ये टाकून निघून गेलेला माणूस असल्या पाहणीत उत्तरं द्यायला बसत नाही. शिवाय पहिलं वर्ष हा कस लागण्याचा काळच नव्हे. पहिल्या वर्षी कौतुक असतं. तुमचा तो नर दुसऱ्या वर्षी टाकला गेला.

कारण हा प्राणी मरत नाही. म्हणजे लवकर मरत नाही. सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयाला १९६१ मध्ये एका खासगी मालकाने एक बॉल पायथन मादी देऊन टाकली. २०२० मध्ये तिने सात अंडी घातली. जवळ नर येऊन पंधरापेक्षा जास्त वर्षं झाली होती आणि तिचं वय अंदाजे बासष्ट होतं! ही गोष्ट चमत्कार म्हणून सगळीकडे छापून आली. मला त्यात वेगळंच दिसलं : कुणीतरी पाळलेला साप, ज्याला नंतर दुसरीकडे देऊन टाकावं लागलं, आणि पुढे त्याला साठ वर्षं कुणीतरी सांभाळलं. इतकं नशीब प्रत्येकाचं नसतं, आणि प्राणिसंग्रहालयं हल्ली बहुधा पाळीव साप घेतही नाहीत. पण वीस-तीस वर्षं जगणं या जातीत काहीच विशेष नाही. एकोणीस वर्षांच्या पोराला तुम्ही पन्नास डॉलरमध्ये जे देता ते त्याच्या पन्नाशीपर्यंत त्याच्याबरोबर असू शकतं. त्या काळात त्याच्या नोकऱ्या बदलणार, घरमालक बदलणार, लग्न होणार, मूल होणार, बायको म्हणणार ‘तो तरी किंवा मी तरी’.

म्हणून ‘आता गिऱ्हाईक नीट पारखून घेतो’ हा जो उपाय तुम्ही सुचवलाय, त्यावर माझा फारसा विश्वास नाही. पारखून घ्याच; हीटिंग कसं करणार, थर्मोस्टॅट आहे का, उंदीर कुठून आणणार हे विचाराच. पण त्या दिवशी तो मुलगा जे उत्तर देतो ते त्या दिवसापुरतं खरंच असतं. तुमच्या त्या भाडेकरूनेही बहुधा मनापासूनच उत्तरं दिली असतील. त्याला विचारायला हवा होता तो प्रश्न वेगळाच : जमेनासं झालं तर मला फोन करशील ना?

आणि तो करावासा वाटेल अशी सोय तुम्हीच करायची. ‘माझ्याकडून घेतलेला साप कधीही, कुठल्याही अवस्थेत, कारण न विचारता परत घेईन, पैसे परत मिळणार नाहीत’ एवढं एक वाक्य कार्डावर छापा. ‘कारण न विचारता’ हे शब्द महत्त्वाचे. लोक फोन करत नाहीत ते निर्दयपणामुळे कमी आणि लाजेमुळे जास्त. साप वाळत चाललाय, आता कुणाला दाखवायचा, काय म्हणतील, असं करत करत टबाचं झाकण उघडणंच बंद होतं.

गाडीबद्दलचा तुमच्या मित्रांचा मुद्दा मला आवडला, फक्त तो त्यांच्याच अंगलट येतो. विकलेल्या गाडीला नंबर असतो, नवा मालक कागदोपत्री नोंदवला जातो, आणि अंगणात उभी राहिली तर ती उपाशी मरत नाही. तुम्ही विकलेल्या सापाला यातलं काहीच नाही. तुमच्याकडे तुमचीच नीट नोंद नसावी, नाही तर ‘शंभरावर’ असं मोघम लिहिलं नसतं. आज रात्री बसून जुने मेसेज, पेमेंटच्या नोंदी उपसा आणि सापडतील तेवढी नावं एका वहीत उतरवा. मग सगळ्यांना दोन ओळींचा मेसेज टाका : कसा आहे, खातोय का, काही अडचण असेल तर मी आहे. निम्मे उत्तर देणार नाहीत. काही फोटो पाठवतील. एखादा म्हणेल, बरं झालं विचारलंत. तुमच्या अपराधी भावनेवर मला माहीत असलेलं औषध एवढंच आहे.

आता जरा हिशोबाकडे येऊ, कारण टाकलेले साप वाईट गिऱ्हाइकांमुळे निर्माण होतात हे गृहीतकच मला अर्धवट वाटतं. १९९२ मध्ये ओक्लाहोमाच्या बॉब क्लार्क यांनी पहिल्यांदा अल्बिनो (काळं रंगद्रव्य नसलेला, पांढरा-पिवळा) बॉल पायथन बंदिवासात पैदा केला. तेव्हा असं पिल्लू हजारो डॉलरला जायचं. आज शे-दोनशेला मिळतं. प्रत्येक नव्या रंगाची हीच कथा : पहिले दोघे-तिघे कमावतात, बाकीचे ते बघून माद्या घेतात, आणि त्यांची पिल्लं बाजारात येईपर्यंत भाव कोसळलेला असतो. एक नर चार-पाच माद्यांना पुरतो, त्यामुळे ब्रीडरना नर कमीच लागतात. अंड्यांतून मात्र साधारण निम्मे नर निघतात. हे जास्तीचे नर आणि ज्यांच्यात हवा तो रंग उतरला नाही ती साधी तपकिरी पिल्लं स्वस्तात ‘पहिला साप’ म्हणून नवख्यांना जातात. म्हणजे सगळ्यांत कमी अनुभव असलेल्या माणसाकडे सगळ्यांत स्वस्त जनावर. तुमचा तो वाळलेला साप नर होता याचं मला जराही आश्चर्य वाटलं नाही.

तेव्हा एक मादी जोडीला लावताना ‘यातून काय रंग निघतील’ एवढंच न बघता ‘यातल्या तीन साध्या नरांचं मी काय करणार’ हेही बघा. ते विकले गेले नाहीत तर स्वतःच्या घरी ठेवायची तयारी आहे का? नसेल तर ती जोडी लावू नका. मादीला एखादं वर्ष विश्रांती मिळाली तर तिचं काही बिघडत नाही; जंगलातल्या माद्याही दर वर्षी अंडी घालत नाहीत. आणि तुमच्याकडे ‘स्पायडर’ जनुकाचे (कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी असलेले) साप असतील तर ते पिल्लं काढण्यासाठी कायमचे बंद करा. त्या सापांची मान डुलते, तोल जातो, तो आतल्या कानाच्या सदोष घडणीमुळे. ब्रिटनच्या इंटरनॅशनल हर्पेटोलॉजिकल सोसायटीने आपल्या प्रदर्शनांत त्यांची विक्रीच बंद केलेली आहे. यावर दोन्ही बाजू वगैरे मला तरी दिसत नाहीत.

जी पिल्लं विकाल ती जरा उशिरा विका. दोन-तीन घास खाल्ले की विकायची पद्धत आहे. तुम्ही आठ-दहा घास होऊ द्या, तेही गोठवून वितळवलेल्या उंदरावर. नवख्या मालकाची हिंमत पहिल्यांदा खचते ती साप खात नाही म्हणून. बॉल पायथन कित्येक महिने उपास धरतो हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. मग तो घाबरून जिवंत उंदीर टबात सोडतो आणि उंदीरच सापाला कुरतडतो. एक पान छापून द्या, मोठ्या अक्षरांत : इतकी ऊब, इतका ओलावा, उपास धरला तर काय, कात अडकली तर काय, आणि कंटाळा आला तर कुणाला फोन.

त्याच पानावर ठळक लिहा : बाहेर सोडू नका. सोडून देणं म्हणजे मोकळं करणं, पुण्य, अशी समजूत आपल्याकडेही आहे आणि तिकडेही. तुमच्या भागातल्या हिवाळ्यात सोडलेला बॉल पायथन मरेल. जिथे मरत नाहीत तिथली गोष्ट आणखी वाईट. स्पेनच्या कॅनरी बेटांपैकी ग्रान कॅनारियावर अमेरिकेतला किंगस्नेक पाळणाऱ्यांच्या घरांतून निसटला. जंगलात सापडणाऱ्यांत पांढरे अल्बिनो किती आहेत बघितलं की ते पिंजऱ्यातून आले हे वेगळं सांगावं लागत नाही. तिथल्या मोठ्या सरड्यांनी साप कधी पाहिलेलाच नव्हता. जिथे हे साप पसरले तिथे सरडे जवळजवळ नाहीसे झाले. फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्समधले बर्मीज पायथन तर तुम्हाला ठाऊकच असतील. २००० पासून तिथे तेवीस हजारांवर पायथन पकडले किंवा मारले गेले, तरी ते संपलेले नाहीत. फ्लोरिडात नको झालेला परदेशी प्राणी दंडाशिवाय सरकारच्या ओळखीने दुसऱ्या घरी देण्याची योजना आहे. साप पाळणंच बेकायदा असलेल्या हवाईतही असा साप आपणहून आणून दिला तर शिक्षा होत नाही. तुम्ही दुसऱ्या राज्यांत साप पाठवत असाल तर तिथले नियम आधी बघा.

आता तुम्ही न विचारलेली गोष्ट. तुमच्या स्वतःच्या अकरांचं काय?

फेब्रुवारी २०२० मध्ये इंग्लंडमधल्या संडरलंड शहरात अग्निशमन केंद्रामागच्या कचराकुंडीत उशीच्या अभ्र्यात तेरा बॉल पायथन सापडले. तिकडे त्यांना रॉयल पायथन म्हणतात. दुसऱ्या दिवशी त्याच जागी आणखी सोळा साप, बहुतेक कॉर्न स्नेक. थंडीचे दिवस होते. एकोणतीस साप एका हौशी नवख्याकडे नसतात. ज्याचे होते त्याला कधीकाळी साप ओळखता येत होते, पाळता येत होते, आणि मग कशाने तरी त्याचं सगळं कोसळलं.

तुम्ही एच-वन-बीवर आहात. नोकरी गेली तर नवी शोधायला नाही तर देश सोडायला हातात जेमतेम साठ दिवस. त्या साठ दिवसांत घर, गाडी, मुलांची शाळा बघताना आठ माद्या आणि तीन नर कुठे जाणार? भारतात आणणं सोपं नाही, ते पुढे लिहिते. तुमची बायको ‘बंद कर’ म्हणते तेव्हा तिला सापांची किळस आहे असं तुम्ही लिहिलंय. तिला विचारून तर बघा; मला वाटतं तिच्या डोक्यात हेच साठ दिवस असतील. दोन अनुभवी पाळणाऱ्यांशी आत्ताच बोलून ठेवा, कोण कुठला साप घेईल ते लिहून ठेवा, आणि प्रौढ सापांना मायक्रोचिप बसवून घ्या. या यादीत अकराही साप बसत नसतील तर जे बसत नाहीत तेवढे आत्ताच, शांतपणे, चांगल्या घरी द्या.

नोव्हेंबराबद्दल माझं मत विचाराल तर हा हंगाम पूर्ण सोडा. सगळं बंद करण्याची गरज मला वाटत नाही. तुम्हाला या प्राण्यांची आवड आहे आणि ती खोटी नाही. पण एक हंगाम पिल्लं नसतील तर त्या नराला बरा करायला, वही भरायला, जुन्या गिऱ्हाइकांना गाठायला वेळ मिळेल. पुढच्या वर्षी दोन माद्या लावा, आठ नकोत. तसंही उरत काही नव्हतंच. आणि आईंना सांगा की परत आलेल्या सापाची सेवा करतोय. नागपंचमीच्या दुधापेक्षा ते सापाला जास्त मानवेल.

राहिला मावसभाऊ. त्याला आजच ‘नाही’ कळवा, कारण ‘बघतो’ म्हणायची तुमची सवय आता मला कळली आहे. बॉल पायथन साइटिस कराराच्या (वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात आहे. तो अमेरिकेतून न्यायला तिकडची निर्यात परवानगी आणि इकडची आयात परवानगी लागते; बॅगेत घालून नेणं ही सरळ तस्करी. डिसेंबर २०२३ मध्ये बँकॉकहून मुंबईत उतरलेल्या एका प्रवाशाच्या बिस्किटांच्या पुड्यांत नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक सापडले होते. असे साप मग आले त्या वाटेने विमानाने परत पाठवले जातात.

भारतातल्या वाचकांपैकी कुणाच्या घरी असा साप आधीच असेल तर त्यांच्यासाठी दोन ओळी. वन्यजीव संरक्षण कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, आणि २८ फेब्रुवारी २०२४ च्या नियमांप्रमाणे साइटिसमधले परदेशी प्राणी केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदवणं सक्तीचं आहे. आधीपासून असलेल्यांसाठी सहा महिन्यांची मुदत होती, ती संपली. नव्याने हाती आलेल्याची नोंद तीस दिवसांत करायची, आणि तो दुसऱ्याला दिला किंवा मेला तरी कळवायचं. दुकानदार ‘कागदपत्रं नंतर देतो’ म्हणाला तर दुकानातून बाहेर पडा. आपला अजगर, धामण, नाग हे पाळणं तर गुन्हाच आहे, मग ते पिंजऱ्यात जन्मलेले आहेत असं कुणी कितीही सांगो. नको झालेला परदेशी साप सिंहगडाच्या पायथ्याशी किंवा ताम्हिणीत सोडू नका, सर्पमित्राच्या गळ्यात गुपचूप घालू नका. महाराष्ट्रात असाल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करून काय आहे ते सरळ सांगा.